पहिल्या खाचेतलं काडतूस

"मॅडम, खदानीवर पिस्तूल फुटलं! सोहनलाल शेठचा हात गेला. डोळाबी गेला वाटतं. जल्दी या!"

हवालदार सर्जेराव फोनवर असा ओरडला की साधनाच्या सासूबाईंनी उलथणं हवेतच धरलं. दसऱ्याचा दिवस, ताटात पुरणपोळी, वर तूप. पण सणाला चार घास सुखानं खावेत हे सहायक पोलीस निरीक्षक साधना उढाणच्या नशिबात कुठं? तिनं हात धुतला आणि गाडी काढायला सांगितली.

वडीगोद्रीच्या अलीकडं, हायवे सोडून आत, दगड काढून टाकून दिलेली खदान आहे. बियाण्याच्या कंपनीचे मालक सोहनलाल शेठ यांनी तिथं नेमबाजीचा क्लब काढला होता. पत्र्याचं शेड, समोर मातीचा बांध आणि बांधापुढं टिपायला उभे केलेले लोखंडी कोंबडे न् मेंढे. हौसेला मोल नसतं म्हणतात ना, तसला प्रकार.

शेठजींना संभाजीनगरच्या दवाखान्यात नेलं होतं. शेडमधल्या टेबलावर लांब नळीचं पिस्तूल पडलं होतं. एका वेळी एकच गोळी उडवणारं, परदेशातून आणलेलं. पाठीमागनं ते मक्याच्या लाहीसारखं उललं होतं. सकाळी पूजेत घातलेला झेंडूचा हार अजून त्याला तसाच गुंडाळलेला होता. टेबलाखाली अंगठ्याचा तुकडा पडला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

सकाळी ज्याला हात जोडले, त्यानंच हात तोडला!

सर्जेरावनं एका पोराचं मनगट धरून ठेवलं होतं. पोराच्या अंगात फक्त बनियन, आणि पांढरी पँट रक्तानं थबथबलेली.

"ह्यो धम्मपाल, मॅडम. काडतुसं ह्यानंच भरली. पिऊन भरली असतील, दुसरं काय!"

"मी पीत न्हाई," धम्मपाल म्हणाला. "मॅडम, शेठजी कसे आहेत? कुणी सांगून न्हाई राह्यलं."

"त्याचा शर्ट कुठंय?" साधनानं विचारलं.

"शेठचा हात बांधला ना त्यानं. गाडीत उचलूनबी त्यानंच टाकलं," सर्जेराव जरा नरमला.

शेडच्या दुसऱ्या टोकाला शेठजींचा नातू अंकित उभा होता. रेशमी पांढरा कुर्ता, कडक इस्त्री. त्याच्यावर रक्ताचा एक शिंतोडा नव्हता.

"मला फिर्याद द्यायची आहे," तो म्हणाला. "हा अपघात नाही. दादाजींनी मागच्या आठवड्यात जाहीर केलं की राष्ट्रीय स्पर्धेला त्यांचं पिस्तूल घेऊन मी नाही, हा जाणार. बियाण्याच्या गोदामातल्या बाईचा मुलगा. एवढं डोक्यावर बसवलं की माणसाला घाई होते. पिस्तुलाची पूर्ण मालकी हवीशी वाटते."

"पहिली गोळी शेठजींनीच का झाडली?"

"तेच तर! क्लबचा नियम आहे, ज्यानं काडतुसं भरली त्यानंच नव्या डब्यातलं पहिलं झाडायचं. मी दादाजींना दोनदा म्हटलं, धम्मपाललाच झाडू द्या. पण म्हणाले, आज दसरा, मुहूर्ताची गोळी माझी. पहिल्या खाचेतलं काडतूस उचललं आणि घातलं."

"तुम्ही कुठं होतात?"

"इथंच. या खांबाजवळ."

खांब टेबलापासून चांगला लांब होता. साधनानं ते अंतर नजरेनं मोजलं. बाकीची काडतुसं, फुटलेली पुंगळी आणि पिस्तूल तिनं पंचांसमोर सीलबंद केलं. धम्मपाललाही गाडीत बसवलं. फिर्याद होती, नाव होतं, करणार काय?

*

"सांग. पहिल्यापासून."

धम्मपाल बाकड्याच्या टोकावर बसला होता. नखांच्या कडांत शेठजींचं रक्त वाळलेलं.

"या पिस्तुलाची काडतुसं बाजारात न्हाई मिळत, मॅडम. म्हणून क्लबनं खटपट करून हातानं भरायचा परवाना आणला. पितळी पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू, वर गोळी. दिसायला सोपं हाय. पण दारूचा अंदाज चुकला तर बॉम्ब हाय तो."

"मग अंदाज कसा घेतोस?"

"अंदाज घेतच न्हाई. कारखान्याच्या पुस्तकात दिलंय त्याच्यातलं सगळ्यात कमी, तिथून सुरुवात. झाडायचं, पुंगळी बघायची. टोपी चपटी व्हायली, पुंगळी अडकायली, की पिस्तूल सांगून राह्यलं, बस कर. मंग मागं यायचं. लोकांना वाटतं जोराचं काडतूस चांगलं. जोराचं न्हाई, एकसारखं असतं ते चांगलं."

"चुकून दुसरी दारू पडली असेल."

"टेबलावर एका वक्ताला एकच डबा ठेवतो मी. दुसरा क्लबच्या कपाटात, कुलपात. अन् भरलेलं प्रत्येक काडतूस परत काट्यावर जातं." त्यानं मान वर केली. "ते माझं काडतूस नव्हतं, मॅडम."

"कपाटाच्या किल्ल्या?"

"एक माझ्याकडं, एक शेठजींच्या घरी."

"डबा शेठजींना कधी दिलास?"

"काल दिवस मावळायच्या आत. माझ्यासमोर त्यांनी तिजोरीत ठेवला."

"आज पूजेला होतास?"

"मी कशाला असेन? सकाळी विहारात होतो. धम्मचक्र प्रवर्तन दिन. अंतरवालीहून पाहुणे आल्ते, पंगत होती. तिथून थेट खदानीवर गेल्तो."

"काडतुसांना कुंकू आहे."

"शेठजींच्या घरच्या आजी लावतात. इचरजबाई. दरसाल प्रत्येक काडतुसाच्या बुडाला एकेक बोट. मी त्यांना काही म्हणत न्हाई. झाडायच्या आधी फडक्यानं पुसून घेतो, कचरा नको चेंबरमध्ये. शेठजी न्हाई पुसत. म्हणतात, राहू दे, आशीर्वाद हाय." त्यानं नखातलं रक्त कोरलं. "डोळा वाचंल ना त्यांचा?"

साधना उठली. बाहेर पायरीवर त्याची आई बेबीनंदा बसली होती. पदर दातात धरलेला. साधनाला बघून ती उठली आणि दोन्ही हात जोडले. तळवे गुलाबी होते, अगदी गडद.

"हे काय लागलंय, मावशी?"

"बियाण्याचा रंग, बाई. बियाला औषध चोपडत्यात ना, त्यात मिसळत्यात. कुणी चुकून खाऊ नाही म्हणून. साबण लावा, राख लावा, हप्ताभर जात न्हाई, नखातला तर महिनाभर." तिनं पुन्हा हात जोडले. "माझ्या लेकरानं काही केलं न्हाई. त्यो भाकर खायच्या आधीबी ताट पुसून घेतो. त्याला जेलात नका घालू."

*

साधनाच्या वरिष्ठ साहेबांना घाई होती. जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा, आरोपी हातात, गावात चर्चा, फोनवर फोन.

"साधं गणित आहे, उढाण," ते म्हणाले. "पुंगळीवर कुंकू आहे. म्हणजे ते काडतूस पूजेत होतं. पूजेच्या आधी डबा तिजोरीत आणि त्याच्या आधी त्या पोराच्या हातात. दुसरं कोण असणार?"

गणित बरोबर होतं. तिला तेच खुपत होतं. मुख्यालयातल्या शस्त्र तपासनिसाचा अहवाल आला होता: डब्यातली उरलेली सगळी काडतुसं एकसारखी आणि निर्धोक. फुटलेल्यात मात्र भलतीच दारू होती, झटक्यात पेटणारी, क्लबमध्ये दुसऱ्या बंदुकीसाठी ठेवलेली. जो माणूस सगळा डबा इतका जपून भरतो, तो नेमकं एकच असं भरेल? आणि तेही पहिल्या खाचेत, जे नियमानं त्यालाच झाडायचं होतं?

तिनं पंच बोलावले आणि मुद्देमालाचं सील उघडलं. काडतुसं कागदावर मांडली. बुडाला बोटभर कुंकू होतं खरं, पण हाताळून हाताळून अर्धं झडलेलं. तिनं ओल्या कापसाचा बोळा एकावर फिरवला. कुंकू सगळं बोळ्यावर आलं, पितळ लख्ख झालं.

मग तिनं फुटलेल्या पुंगळीचं बूड घेतलं. एवढा स्फोट झाला, जाळ झाला, पितळ काळं पडलं. आणि लाल ठिपका जशाचा तसा. तिनं बोळा घासला. रंग गुलाबी फुटला, पण ठिपका हलला नाही.

"सर्जेराव, लिंबू आण."

"सरबत करायचं का, मॅडम?"

"अरे बाबा, आण तर!"

सर्जेराव चहावाल्याकडून लिंबू घेऊन आला. साधनानं पहिल्या बोळ्यावर दोन थेंब पिळले. लाल कुंकू बघता बघता पिवळंधमक झालं. सर्जेरावचं तोंड उघडंच राहिलं.

"घरी केलेलं कुंकू हळदीचं असतं," ती म्हणाली. "हळदीला चुना लागला की लाल. आंबट लागलं की परत हळद. माझ्या लग्नातल्या शालूवर लिंबाचं लोणचं सांडलं होतं, म्हणून माहीत." तिनं दुसऱ्या बोळ्यावर लिंबू पिळलं. थेंब ओघळले. गुलाबी ते गुलाबीच.

"मंग हे काय हाय?"

साधनाच्या डोळ्यांसमोर पायरीवरचे दोन तळवे आले. तिनं अर्धा नमुना प्रयोगशाळेत पाठवला आणि गाडी काढायला सांगितली.

*

कंपनीच्या ऑफिसात गारेगार एसी होता. अंकितनं खुर्ची पुढं केली, ज्यूस मागवला.

"धम्मपालवर दोषारोपपत्र कधी दाखल होणार? स्पर्धेच्या कमिटीला कळवावं लागेल. नाव बदलायचं आहे."

आजोबांचं त्यानं काहीच काढलं नाही. दवाखान्यात माणूस पडलाय, एक डोळा काढून टाकलाय, आणि याला नाव बदलायची पडलीय! साधनाला ज्यूसचा वास नकोसा झाला.

"बियाण्याला रंग देतात तो विभाग बघता येईल?"

"माझा माणूस सोबत देतो, तो दाखवेल. मी तिकडं पायसुद्धा ठेवत नाही. सगळ्या बायका, घाम, औषधाचा वास. मळमळतं मला."

त्यानं ग्लास उचलला. अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी गुलाबी रेघ होती. घासून घासून कातडी सोलवटली होती, पण रेघ गेली नव्हती.

साधना तिथून थेट बंगल्यावर गेली. इचरजबाई देवघराच्या दारात बसल्या होत्या. बारीक बाई, नाकात हिऱ्याची चमकी, डोळे रडून सुजलेले.

"आजी, कुंकू तुम्ही घरी करता?"

"हां बेटी. हळद, चुना, थोडी फिटकरी. बाजारचं मी देवाला लावत न्हाई. डबी माझ्याकडेच राहते. अंघोळ केल्याबिगर कुणी हात लावत न्हाई तिला."

"पूजेनंतर काडतुसांचा डबा कुणी नेला?"

"अंकितनं. त्यानंच गाडीत ठेवला." म्हातारी थांबली. "का विचारते?"

"त्या दिवशीचा त्याचा कुर्ता धुतला का?"

इचरजबाईंनी पदरानं डोळे पुसले. उठून आत गेल्या.

*

शेठजींना घरी आणलं त्या दिवशी साधना बंगल्यावर गेली, सर्जेराव आणि पंचांना घेऊन. शेठजी आरामखुर्चीत होते. उजव्या डोळ्यावर पट्टी, उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. अंकित त्यांच्यामागं उभा होता, सेवेला. इचरजबाई खाली बसल्या होत्या. मांडीवर घडी घातलेलं काहीतरी, वर पदर.

"धम्मपालनं चूक केली असं मी मानत न्हाई," शेठजी म्हणाले. "तो पोरगा चुकत न्हाई."

"चूक झाली नाहीच, शेठजी. डब्यात एकही खाच रिकामी नव्हती, फक्त तुम्ही उचलली ती. म्हणजे एक काडतूस आत घालायचं तर एक बाहेर काढावं लागलं. तुम्ही झाडलं ते धम्मपालचं नव्हतंच."

"पण त्यावर कुंकू होतं," अंकित म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलंय."

"लाल होतं. कुंकू नव्हतं." साधनानं प्रयोगशाळेचा कागद पंचांकडं दिला. "बियाण्याला लावायचा रंग. आता मला सांगा, धम्मपालला हा रंग लावायची गरज काय? त्याचं काडतूस असतं, तर ते आदल्या दिवसापासून डब्यात असतं, पूजेला असतं, आणि आजींच्या बोटाचं खरं कुंकू त्याला आपोआप लागलं असतं. खोटं कुंकू लागतं कुणाला? जो पूजेनंतर काडतूस आत सरकवतो त्याला. आजींची डबी त्याला उघडता येत नव्हती. म्हणून त्याला जो लाल रंग हाताशी होता तो त्यानं वापरला."

"तो रंग त्याच्या आईच्या हाताला रोज असतो!" अंकितचा आवाज चढला.

"असतो. पण तिचा मुलगा तेव्हा विहारात शंभर माणसांत पंगत वाढत होता, आणि डबा तुमच्या गाडीत होता. ती झटक्यात पेटणारी दारू ज्या कपाटात असते, त्याची दुसरी किल्ली याच घरात आहे. तुम्ही तर म्हणता त्या विभागात पाय ठेवत नाही. मग अंगठ्याला काय लागलंय?"

अंकितनं हात मागं घेतला. खोलीत सगळ्यांनी ते पाहिलं.

"नियमानं पहिलं काडतूस धम्मपालनं झाडायचं होतं. हात त्याचा जायचा. आणि लोक म्हणणार, त्यानंच भरलं, त्याच्याच हातात फुटलं, कर्माचं फळ. पोलिसांना विचारायचंही काम नाही. फक्त शेठजींनी मुहूर्त काढला आणि सगळं फिसकटलं."

"मी थांबवलं दादाजींना! दोनदा थांबवलं. मीच तुम्हाला सांगितलं ते!"

"थांबवलं नाही," साधना म्हणाली. "पिस्तूल दुसऱ्याच्या हातात द्या म्हणालात."

शेठजींनी मान वळवली. एका डोळ्यानं नातवाकडं पाहायला त्यांना सगळं अंग वळवावं लागलं.

"काडतूस माझ्या हातात होतं," ते हळू म्हणाले. "मी चेंबर उघडलं, आत टाकलं, बंद केलं. तू खांबामागं गेला. मी पाहिलं तुला जाताना. मला वाटलं, पोराला आवाजाचा त्रास होतो." त्यांनी श्वास घेतला. "एक शब्द बोलायचा होता, बेटा. नको, एवढंच."

"बोललो असतो तर सगळं उघडं पडलं असतं," अंकित म्हणाला.

म्हणून गेला. मग आपण काय बोललो ते त्याला कळलं.

साधनाला शिसारी आली. चोर पाहिले होते तिनं, खुनी पाहिले होते, नशेत बायकोला जाळणारे पाहिले होते. पण असं थंडगार, इस्त्रीचं, आजोबांच्या मागं उभं राहून पाणी पाजणारं पाप तिनं पाहिलं नव्हतं. थू त्याच्या जिण्यावर.

"पुरावा काय?" अंकित आता घाईघाईनं बोलू लागला. "रंग कुणाच्याही अंगाला लागतो. तुम्ही म्हणता खरं काडतूस काढलं. कुठंय ते? दाखवा!"

इचरजबाई उठल्या. मांडीवरची घडी त्यांनी टेबलावर उलगडली. रेशमी पांढरा कुर्ता. त्यांनी खिसा उलटा केला. अस्तरावर लाल डाग होता, पुसट, गोल.

"दादीसा," अंकित म्हणाला. "नको."

म्हातारीनं फळांच्या टोपलीतलं लिंबू घेतलं, सुरीनं कापलं आणि डागावर पिळलं. तिनं कुणाला मदत करू दिली नाही.

डाग पिवळा झाला.

"माझं कुंकू हाय," इचरजबाई पंचांना म्हणाल्या. "पूजा झाल्यावर एक काडतूस याच्या खिशात गेलं. लिहा." मग त्या नवऱ्याच्या पायाशी बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागल्या.

काडतूस खदानीतल्या पाण्यात फेकल्याचं अंकितनं गाडीत बसण्याआधीच कबूल केलं. सोबत हेही सांगितलं की गोदामातल्या बाईच्या पोरानं आपल्या घराण्याचं पिस्तूल धरावं हे कुणालाच सहन झालं नसतं. सर्जेरावनं त्याच्या तोंडासमोर गाडीचं दार आपटलं.

"एक गोष्ट सांगू का तुला?" साधना खिडकीतून म्हणाली. "तुझा डाव धम्मपालवर चाललाच नसता. तो प्रत्येक काडतूस पुसून घेतो. ते पुसलं असतं, तर रंग निघाला नसता, आणि तो तिथंच थांबला असता. तुझं काडतूस फक्त एकाच माणसाच्या हातात फुटणार होतं. जो घरचं कुंकू म्हणून पुसत नाही त्याच्या."

अंकितनं मान खाली घातली. आजोबांचं मात्र त्यानं अजूनही विचारलं नाही.

*

कोर्टाचा कागद होईपर्यंत दिवस कलला. धम्मपाल बाहेर आला तेव्हा बेबीनंदा पायरीवरच होती. तिनं त्याचं तोंड त्या गुलाबी हातांत धरलं आणि ते निरखत राहिली. सर्जेराव चहाचे कप घेऊन आला. "घे बाबा. त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

धम्मपालनं कप घेतला, पण प्यायला नाही.

"कुणी केलं ते कळलं, मॅडम. आत सगळे बोलून राह्यले होते." तो थांबला. "शेठजींचा डोळा?"

इतक्या दिवसांत हे विचारणारा हा एकच. साधनाला खोटं बोलता येईना.

"गेला रे."

तो आईशेजारी पायरीवर बसला. कोठडीत रडला नव्हता, फिर्याद वाचून दाखवली तेव्हा रडला नव्हता. आता मात्र त्याला आवरेना. सर्जेरावनं त्याच्या हातातला हिंदकळणारा कप काढून घेतला.

साधना आत गेली, नळ सोडला आणि साबण लावून हात धूत राहिली.